काटकसर एकट्याची नव्हे

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी गावाहून पुण्यात येणाऱ्या विद्यार्थ्याचा मुक्काम बहुधा वर्षभराच्या हिशेबाने सुरू होतो आणि पुढे तीन-चार वर्षे लांबतो. सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठ या भागांत अशा विद्यार्थ्यांची दाट वस्ती आहे. त्यांतील बहुतेकांचा खर्च कोरडवाहू शेतीच्या, आईवडिलांच्या मजुरीच्या किंवा थोरल्या भावाच्या तुटपुंज्या पगाराच्या आधारावर चालत असल्यामुळे रोजच्या खर्चात बचत करणे हा त्यांच्यासाठी आवडीनिवडीचा विषय उरत नाही. मात्र बचतीचे दोन मार्ग असतात आणि त्यांचे परिणाम परस्परविरोधी असतात. पहिल्या मार्गात माणूस गरजेची वस्तूच सोडून देतो, तर दुसऱ्या मार्गात तीच वस्तू अनेकांनी मिळून घेतल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च उतरतो. दीर्घ मुक्कामात पहिली बचत शरीर आणि अभ्यास या दोहोंना खाऊन टाकते. टिकते ती दुसरीच.

पुण्याच्या शैक्षणिक इतिहासात या दुसऱ्या मार्गाची जुनी परंपरा आढळते. आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका ठरलेल्या घरी जेवायला जाणे, म्हणजेच ‘वार लावून’ जेवणे, आणि दारोदार फिरून शिजवलेले अन्न गोळा करणे, म्हणजेच ‘माधुकरी’ मागणे, या दोन रीतींवर अनेक गरीब विद्यार्थ्यांचे शिक्षण पार पडले. एका विद्यार्थ्याच्या पोटाचा भार सात घरांत विभागला गेल्यामुळे तो कोणालाच जड होत नसे, हे या व्यवस्थेचे बळ होते. मात्र ती प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती मर्यादित असल्यामुळे बहुजन समाजातील मुलांना तिचा उपयोग नव्हता, हे तिचे मोठे वैगुण्य होते. ही उणीव ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची मालिका सुरू केली. पुण्यात 1909 साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाने, निराधार मुलांच्या निवासाची आणि भोजनाची जबाबदारी संस्थेकडे घेतली, तर 1955 साली अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने वसतिगृहाला श्रमाची आणि स्वावलंबनाची जोड दिली. आजच्या परीक्षार्थ्याच्या वाट्याला मात्र यांपैकी फारसे काही येत नाही, कारण पदवी संपताच तो महाविद्यालयाच्या आणि बहुतेक वसतिगृहांच्या नियमांबाहेर पडतो आणि त्याला थेट बाजारभावाला सामोरे जावे लागते.

या बाजारात पहिला मोठा खर्च निवासाचा असतो. पेठांमध्ये ‘कॉट बेसिस’ ही पद्धत रूढ आहे. तिच्यात खोली भाड्याने न घेता खोलीतील एका खाटेपुरते भाडे भरायचे असते. सुरुवातीला हे भाडे कमी वाटते, परंतु एकाच खोलीत पाच-सहा खाटा मांडल्या असतील तर सर्वांच्या भाड्याची बेरीज त्या खोलीच्या रास्त भाड्यापेक्षा बरीच अधिक भरू शकते. त्यामुळे एकमेकांना ओळखणाऱ्या तिघा-चौघांनी मिळून स्वतंत्र खोली घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. यात अनामत रक्कम आणि दलाली हा आरंभीचा बोजा असतो, आणि दरवर्षी खोली बदलणाऱ्याला दलाली नव्याने द्यावी लागते व जुन्या अनामतीतून रंगकामाच्या नावाखाली काही रक्कम कापली जाते, म्हणून एकाच जागी टिकून राहणे हीदेखील बचतच ठरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. असा करार आणि भरलेल्या रकमेची पावती हातात असेल तर अनामत परत मिळवताना होणारी ओढाताण पुष्कळ टळते.

स्वस्त भाड्यासाठी धायरी, वारजे किंवा कात्रजकडे राहायला जाण्याचा विचार अनेक जण करतात. त्याचा हिशेब मात्र पूर्ण मांडायला हवा. समजा, लांबच्या खोलीचे भाडे महिन्याला 1,500 रुपयांनी कमी आहे आणि अभ्यासिकेपर्यंत जाण्यायेण्याला रोज 40 रुपये लागतात. अशा वेळी महिन्यातील 26 दिवसांचे 1,040 रुपये प्रवासातच जातात, हाती केवळ 460 रुपये उरतात आणि त्यासाठी रोजचे दीड-दोन तास खर्ची पडतात. ‘अभ्यासिका’ म्हणजे मासिक शुल्क भरून बसण्याची निश्चित जागा देणारे वाचनकक्ष. तेथून पायी अंतरावर राहणारा विद्यार्थी भाडे थोडे अधिक भरूनही एकूण हिशेबात फायद्यात राहू शकतो.

खरी कसोटी लागते ती जेवणाच्या बाबतीत. ‘मेस लावणे’ म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम देऊन खाणावळीत दोन वेळचे जेवण घेणे होय. गावी गेल्यामुळे किंवा आजारपणामुळे चुकलेल्या दिवसांना ‘खाडे’ म्हणतात. खाडे किती दिवस आधी कळवायचे, सलग किती दिवसांचे खाडे धरले जातात आणि ते पुढच्या महिन्याच्या रकमेतून वजा होतात की नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घेतले पाहिजे, कारण सणासुदीला आठवडाभर घरी जाणाऱ्याचा खर्च या एका अटीवर बराच बदलतो. सध्या मात्र अनेक विद्यार्थी एकाच वेळची मेस लावतात आणि दुसऱ्या वेळची भूक चहा, बिस्किटे व वडापाव यांवर भागवतात. ही काटकसर दिसायला काटकसर असली तरी तिचा परिणाम पित्त, अशक्तपणा आणि वारंवारच्या आजारपणात होतो, आणि डॉक्टरांच्या एका फेरीत महिन्याची बचत संपून जाते. गावाकडे आई-वडील ज्या आशेने पैसे पाठवतात, तिचा विचार करता मुलाने अर्धपोटी राहावे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

यावर उपाय पुन्हा सामायिकच आहे. खोलीत स्वयंपाकाला परवानगी असेल तर चौघांनी पाळीपाळीने एक वेळचा स्वयंपाक करणे, किंवा चौघांत मिळून पोळ्या करायला बाई लावणे, हे बाहेरच्या जेवणापेक्षा स्वस्तही पडते आणि पोटभरही होते. घरून येणारी ज्वारी, तांदूळ, डाळ, शेंगदाणे आणि चटण्या यांमुळे किराण्याचा भार आणखी हलका होतो. किरकोळ वाटणाऱ्या खर्चांकडेही डोळसपणे पाहायला हवे. दहा रुपयांचा चहा दिवसातून चार वेळा घेतला तर महिन्याला 1,200 रुपये होतात. मात्र चहाच्या टपरीवरील पंधरा मिनिटांच्या गप्पा हा एकाकी विद्यार्थ्याचा मोठा आधार असतो, म्हणून चार चहांचे दोन करावेत. सोबत मात्र तोडू नये.

अभ्यास साहित्यावरील खर्च त्या मानाने सहज आवरता येतो. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या मागील प्रश्नपत्रिका आणि राज्याची आर्थिक पाहणी हीदेखील अधिकृत संकेतस्थळांवर उपलब्ध असतात. उरलेली पुस्तके अप्पा बळवंत चौकात जुनी मिळू शकतात, आणि वर्तमानपत्रे व मासिके गटात एकच प्रत घेऊन वाचता येतात.

शासकीय साहाय्याची माहिती वेळेवर नसणे हेही एक छुपे नुकसान आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना असून तिच्यात भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. मात्र तिच्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश असणे आवश्यक असते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील उमेदवारांसाठी स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणाच्या व विद्यावेतनाच्या योजना राबवतात, म्हणून त्यांच्या जाहिरातींच्या तारखांवर लक्ष ठेवणे उपयुक्त ठरते. मार्च 2023 पासून एसटीच्या प्रवासात महिलांना निम्मे भाडे पडत असल्यामुळे गावी जाण्यायेण्याचा मुलींचा खर्चही कमी झाला आहे.

या सर्व उपायांनंतरही एक खर्च असा उरतो, ज्यावर विद्यार्थ्याचा ताबा नसतो. तो म्हणजे मुक्कामाची लांबी. मार्च 2021 मध्ये ऐनवेळी पुढे ढकललेल्या राज्यसेवा पूर्व परीक्षेमुळे पुण्यातील परीक्षार्थी रस्त्यावर उतरले. ऑगस्ट 2024 मध्ये नियोजित असलेली पूर्व परीक्षा अखेर 1 डिसेंबर 2024 रोजी झाली. एका विद्यार्थ्याचा मासिक खर्च 9,000 रुपये धरला तर तीन महिन्यांच्या विलंबाचा अर्थ 27,000 रुपये असा होतो, आणि चहा-नाश्त्यातील वर्षभराची बचत तेवढी भरत नाही. म्हणून परीक्षेचे वेळापत्रक पाळणे ही प्रशासकीय शिस्तीइतकीच गरीब कुटुंबांच्या अर्थकारणाचीही बाब आहे, हे आयोगाने आणि शासनाने ओळखले पाहिजे. विद्यार्थ्यानेही पुण्यात येतानाच किती प्रयत्न करायचे आणि किती खर्चापर्यंत थांबायचे, हे घरच्यांशी मोकळेपणाने बोलून ठरवले पाहिजे, कारण न ठरवलेली मुदत कर्जाला वाट करून देते.

एका विद्यार्थ्याच्या काटकसरीला जिथे मर्यादा पडतात, तिथून समाजाची जबाबदारी सुरू होते. तालुक्याच्या गावी सुसज्ज अभ्यासिका उभ्या राहिल्या तर पुण्यातला मुक्काम शेवटच्या काही महिन्यांपुरता आटोपता येईल. अधिकारी झालेल्या माजी परीक्षार्थ्यांनी आपापल्या तालुक्याच्या मुलांसाठी एखादे घर भाड्याने घेऊन सामायिक निवास आणि स्वयंपाकघर चालवले तर नव्या मुलाला दलाली आणि अनामत यांच्या ओझ्याखाली शहरात पाऊल टाकावे लागणार नाही. शाहू महाराजांनी आणि पुण्यातील विद्यार्थी-संस्थांनी हे काम कितीतरी अवघड काळात करून दाखवले आहे. पदवीनंतरच्या परीक्षार्थ्यापर्यंत ती व्यवस्था पोहोचवणे हे आजच्या पिढीचे कर्तव्य आहे, आणि ते पार पडेपर्यंत चार मित्रांनी एकत्र येऊन दोन्ही वेळचे जेवण पक्के करणे हीच प्रत्येक खोलीतील पहिली काटकसर असली पाहिजे.