‘एरर आली’ म्हणजे ‘ऑर्डर गेली नाही’ असं नसतं



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो, ॲप बनवून घेताना डेव्हलपरला एक प्रश्न विचाराच: "डेटाबेसकडून भलतंच उत्तर आलं तर तुझं ॲप काय करतं?" बऱ्याच जणांना वाटलं, हे टेक्निकल आहे, आपलं काम नाही. मला विचाराल तर हे मालकाचंच काम आहे, कारण नुकसान त्याचं होतं.

आपल्या प्रताप नगरात घरून डबे देणाऱ्या एका ताईंचं बघा. गिऱ्हाइकाने ॲपवर एक डबा सांगितला. स्क्रीनवर आलं, "ऑर्डर झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा." बिचाऱ्याने दोनदा पुन्हा दाबलं. ताईंच्या यादीत तीन डबे! तिन्ही भरले, तिन्ही पोहोचले. गिऱ्हाईक म्हणे मी एकच सांगितला होता, आणि तो खरंच बोलत होता.

झालं काय, ॲप आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक लायब्ररी असते. हॉटेलातल्या वेटरसारखी. ऑर्डर आत नेते, उत्तर बाहेर आणते. "हो" आलं तर ठीक, "नाही" आलं तरी ठीक. पण मध्येच कनेक्शन तुटलं तर? मायएसक्यूएल वापरत असाल तर त्याला एरर २०१३ येते. अशा वेळी नोंद आत झाली की नाही, हे लायब्ररीला माहीतच नसतं. तिचं उत्तर "माहीत नाही" असतं. डेव्हलपरने त्याचं "नाही" करून टाकलं. काही जण तर एरर दाबून "ऑर्डर झाली" दाखवतात. ते त्याहून वाईट, कारण मग गिऱ्हाईक उपाशी राहतं आणि आपल्याला पत्ताच नसतो.

यूपीआयवर हे तुम्ही रोज बघता. गिऱ्हाइकाचे पैसे कटले, आपला साउंडबॉक्स गप्प. आपण लगेच "पुन्हा पाठवा" म्हणत नाही, आधी तपासतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात अशा अडकलेल्या व्यवहाराला वेगळी वाट दिली आहे: दुकानात खात्री पोहोचली नाही, तर ५ दिवसांत पैसे आपोआप परत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तुमच्या ॲपलाही अशी तिसरी वाट पाहिजे.

ती करायला फार खर्च नाही. बटण दाबताच ऑर्डरला एक नंबर पडतो, पुन्हा दाबलं तरी तोच नंबर जातो, आणि डेटाबेस एक नंबर एकदाच घेतो. स्क्रीनवर "तपासतोय, थांबा" असं दिसतं. बस.

अजून एक गोष्ट. असं बिघडलेलं कनेक्शन टाकून द्यायचं, पुन्हा वापरायचं नाही. २० मार्च २०२३ ला चॅटजीपीटीमध्ये काय झालं? रेडिस नावाच्या डेटाबेसच्या लायब्ररीत दोष होता. एकाची विनंती मध्येच रद्द झाली की तिचं उत्तर कनेक्शनमध्ये पडून राहायचं, आणि ते पुढच्याला मिळू शकायचं. काहींना दुसऱ्यांच्या चॅटची शीर्षकं दिसली, काही पैसे भरणाऱ्या सदस्यांची पेमेंटची माहितीही उघडी पडली. सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. तुमच्या ॲपवर एका गिऱ्हाइकाला दुसरीचा पत्ता आणि फोन दिसला तर? मोहल्ल्यात नाव एकदाच जातं.

डेव्हलपर म्हणेल, "भाऊ, असं क्वचितच होते." होऊ दे क्वचित. टेस्ट सर्व्हरवर ऑर्डर चालू असताना त्याला डेटाबेसचं कनेक्शन तोडायला लावा आणि यादीत किती डबे पडतात ते स्वतः मोजा. ताईंनी हे शेवटचा हप्ता देऊन झाल्यावर केलं. तुम्ही आधी करा.