मांडव उतरला की काय उरते?

वऱ्हाडातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत 'नवचैतन्य' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. मैदानात मांडव पडला, ध्वनिक्षेपक लागले, परगावचा वक्ता आला आणि तीन दिवस गर्दी लोटली, की धर्मग्रामात नवचैतन्य आल्याचे वर्तमान लगेच सांगितले जाते. चौथ्या दिवशी मांडव उतरतो. पुढच्या रविवारी मिस्सेला तीच माणसे त्याच बाकांवर बसतात, तेवढ्याच उशिरा येतात आणि शुभवर्तमान कोणते वाचले हे दारातून बाहेर पडेपर्यंत विसरतात. आम्ही चांदूर बाजारच्या परिसरातील मोजकी कॅथलिक कुटुंबे आहोत. आमची संख्या थोडी, घरे विखुरलेली, पुरोहित दुरून येणार. गर्दी हेच चैतन्याचे माप असेल तर आमच्यासारख्यांनी त्याची आशाच सोडावी. परंतु ते माप खोटे आहे, हे आम्ही गेल्या काही वर्षांत स्वतःच्या घरात अनुभवले आहे, आणि म्हणूनच हा वाद घालण्यास उभे राहिलो आहोत.

२०२० सालच्या मार्चमध्ये मंदिरांची दारे बंद झाली. त्या वर्षीचा पवित्र सप्ताह आम्ही कडी लावून पाळला. नोव्हेंबरच्या १६ तारखेस महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली, तो आनंद आमच्या जिल्ह्याला जेमतेम तीन महिने लाभला. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी आली. दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात प्रथम लागली त्या भागांत आमचा जिल्हा होता, याचा अभिमान कोणास वाटावा? त्या काळात आमच्यातली काही माणसे गेली. खांदा द्यायला चार माणसे मिळणे कठीण, मग दफनविधीला मंडळी कोठून जमणार? संत्र्याच्या बागा असलेल्यांनी फळगळ पाहिली, मजुरी करणाऱ्यांनी रिकामे हात पाहिले. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी दारे पुन्हा उघडली तेव्हा आम्ही आत शिरलो खरे. पण अनेकांच्या मनात मिस्सेची सवय मोडली होती. मोबाइलवर मिस्सा पाहता पाहता भाजी चिरता येते, हे एकदा कळल्यावर वाहन करून दूरवर जावे कशासाठी, असा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला.

याच बंद काळात आमच्याकडे एक गोष्ट कोणत्याही योजनेवाचून घडली. आमच्यातील एका निवृत्त शिक्षिकेने रविवारची तिन्ही वाचने वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरांत लिहून काढली आणि दुधाच्या पिशवीबरोबर पाच घरी पाठविली. ज्यांच्याकडे चांगला मोबाइल नव्हता त्यांच्यासाठी तिने हा उद्योग आरंभला. हळूहळू मोबाइलवालेही कागद मागू लागले. निर्बंध सैल झाल्यावर ही पाच घरे गुरुवारी संध्याकाळी एका अंगणात, अंतर राखून, बसू लागली. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, थोडे मौन, मग ज्याला बोलायचे त्याने बोलायचे, शेवटी जपमाळेचे एक दशक. यात चमत्कार काहीच नव्हता.

परंतु एका गुरुवारचे सांगितलेच पाहिजे. त्या काळात आम्ही ईयोबाचे पुस्तक क्रमाने वाचत होतो. आमच्यात एक माउली आहे. तिच्या धन्याने कर्जापायी जीव दिला, त्याला आता बरीच वर्षे झाली. वऱ्हाडच्या वाचकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधतात, ते भाग वाचताना ती खाली मान घालून बसे. शेवटी परमेश्वर त्या मित्रांवरच कोपतो, ईयोबावर नव्हे, हे वाचून झाले तेव्हा तिने मान वर केली. ईयोबाला पुन्हा गुरेढोरे मिळाली, पुन्हा मुलेबाळे झाली, हे ऐकल्यावर ती एवढेच म्हणाली, "पन पयल्या लेकराईचं काय?" आम्ही निरुत्तर झालो. त्या प्रश्नावर आम्ही दोन गुरुवार बसलो आणि उत्तर सापडले असे आजही म्हणत नाही. पण इतक्या वर्षांत तिच्या तोंडून देवाविषयी निघालेला तो पहिला प्रश्न होता. त्यानंतरच्या रविवारी ती मिस्सेला आली. कोणी बोलाविले नव्हते.

आता आक्षेपांकडे वळू. दारे उघडल्यावर आम्हांला सर्वांत आधी ऐकविण्यात आले, की हे बायबल घेऊन बसणे म्हणजे प्रॉटेस्टंटांची चाल; कॅथलिकाला मिस्सा आणि माळ पुरे. हा आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही नम्रपणे, पण स्पष्ट सांगतो की त्यांना आपलाच इतिहास ठाऊक नाही. आमच्या नागपूर-वऱ्हाडच्या मिशनची उभारणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्या संघाने केली, तो संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचा. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ हेही त्याच संघाचे. आणि या संताने १५९४ नंतर शाब्ले प्रांतात केले काय? लोक प्रवचनाला येईनात, म्हणून त्याने श्रद्धेची मांडणी कागदांवर लिहून त्या प्रती लोकांच्या दारांखालून आत सरकविल्या. त्याच्या या लेखणीमुळेच १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्याला लेखकांचा व पत्रकारांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. बंद दाराखालून कागद सरकविणे ही जर आमच्या मिशनच्या आश्रयदात्याची रीत, तर वहीचे कागद वाटणारी आमची शिक्षिका कोणाच्या घराण्यातली? शिवाय त्या संताचा सारा खटाटोप कॅल्व्हिनच्या अनुयायांना कॅथलिक सभेत परत आणण्यासाठी होता, ही गंमतही आक्षेपकांनी ध्यानात घ्यावी.

आणखी मागे जावयाचे तर १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. जुन्या करारापासून नव्या करारापर्यंतची कथा, मराठीत, येथल्या माणसाच्या कानाला ओळखीची वाटेल अशा छंदात. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवर बंदीचा हुकूम काढला. सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ वाचला, कारण ख्रिस्ती घरांनी तो हाताने उतरवून जपला. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. भाषेवर बंदी आली त्या काळात आमचे पूर्वज शास्त्र उतरवून घेत होते, आणि आम्ही मात्र छापील बायबल नाताळच्या सजावटीत ठेवून त्यावर मेणबत्ती लावतो! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी देवशब्दाविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात सर्व श्रद्धावंतांनी पवित्र शास्त्राचे वारंवार वाचन करावे असा आग्रह आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली 'देवशब्दाचा रविवार' नेमून दिला आणि तो पहिल्यांदा २६ जानेवारी २०२० रोजी साजरा झाला. त्या दिवशी आमच्यापैकी बहुतेकांचे लक्ष झेंडावंदनाकडे होते. अवघ्या दोन महिन्यांनी मंदिरे बंद पडली. सूचना अगोदर मिळाली होती. आम्हीच ती वाचली नाही.

दुसरा आक्षेप असा की, पाच घरांच्या बैठकीने सभा नवी होत नसते, त्यासाठी मोठे संमेलन हवे. येथे आम्ही एका बाईचा दाखला देतो. ती आपल्या पंथाची नव्हती. पण तेवढ्यासाठी तिच्याकडे पाठ फिरविण्याचा कोतेपणा आता पुरे. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली-बायकांना त्यांनी केडगावास आणले. त्यानंतर १८९९-१९००चा दुष्काळ आला, मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. उपासमारीने खंगलेल्या, आप्त गमावलेल्या त्या मुलींचे ते घर. जानेवारी १९०५मध्ये रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. त्या रोज जमू लागल्या, शास्त्र शिकू लागल्या. जूनपर्यंत संख्या साडेपाचशेच्या आसपास गेली आणि महिन्याच्या अखेरीस ती जागृती घडली, जिची वार्ता देशोदेशी पोचली. अश्रू, आरोळ्या, पापांची कबुली असे पुष्कळ काही तेथे झाले म्हणतात, आणि लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले. आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आधीची आहे आणि नंतरची आहे. आधी काही महिने रोजची बैठक होती. आणि नंतर? नंतर रमाबाईंनी मांडव घातले नाहीत. हिब्रू आणि ग्रीक या भाषा हाताशी घेऊन, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरविण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे घातली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून ते भाषांतर १९२४ साली बाहेर पडले. जिच्या दारी देशोदेशीचे डोळे लागले होते तिने पुढची वर्षे व्याकरणाशी झुंजण्यात घालवावी, यावरून तिने जागृतीचे मूळ कोठे पाहिले हे उघड होते.

तिसरा आक्षेप आमच्याच घरांतून येतो, म्हणून तो अधिक बोचतो. म्हातारी माणसे निरक्षर, तरुणांना वेळ नाही, आणि मुले इंग्रजी शाळेत जातात, वाचणार कोण? निरक्षरांविषयी बोलायचे तर चांदूर बाजारच्या माणसाने तरी हे कारण सांगू नये. याच तालुक्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) तान्हेपणीच दृष्टीला मुकले. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचवून घेतले आणि सांगून शंभराहून अधिक ग्रंथ लिहविले. त्यांचा मार्ग आमचा नव्हे, पण कानांनी वाचता येते ही गोष्ट आमच्या शेजारच्या गावाने सिद्ध केली आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना वऱ्हाडातील खेड्याखेड्यांत संध्याकाळी होते. त्या सतरंजीवर बसणाऱ्यांना शेतीची कामे नसतात काय? मुलांचे मात्र खरे दुखणे आहे. आमची मुले देवनागरी अडखळत वाचतात, आणि उपासनेतील मराठी त्यांना परकी वाटू लागली आहे. हा दोष मुलांचा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' हाताशी आहे, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार २०१३ साली मिळाला तेव्हा आम्ही अभिनंदनाचे ठराव केले. किती घरांनी ते विकत घेतले?

येथे एक कबुली आम्ही दिली पाहिजे. घरगुती वाचन मिस्सेपासून तुटले तर ते भरकटते, हा धर्मगुरूंचा इशारा आम्हांला मान्य आहे. आमच्याच बैठकीत एकदा कोणा पाहुण्याने, श्रद्धा पक्की असेल तर बँकेचे कर्ज फिटते आणि आजारावर औषध लागत नाही, असे वचनांवर वचने देऊन सांगितले. कर्जबाजारी माणसाच्या डोळ्यांत त्या वेळी जी आशा चमकली ती पाहून आम्हांला भीती वाटली. कापूस-संत्र्याच्या या मुलखात असला उपदेश हा क्रूरपणा आहे. ईयोबाच्या मित्रांचेच ते नवे रूप, फक्त अधिक गोड आवाजात. पण त्यावर उपाय वाचन बंद करणे हा नव्हे. ज्यांनी ईयोब वाचला होता त्यांनीच त्या पाहुण्याला त्या दिवशी थांबविले. ज्यांनी वाचला नव्हता ते टाळ्या वाजवीत होते.

म्हणून आमचे मागणे असे. एका वर्षाच्या संमेलनाचा मांडव आणि ध्वनिक्षेपक यांचा खर्च वाचवून प्रत्येक घरी मराठी बायबल पोचवावे. दूरच्या वस्त्यांतून दोन-दोन प्रापंचिकांना, त्यांत एक स्त्री असावीच, वाचनाचे व समजावून सांगण्याचे रीतसर शिक्षण द्यावे. समजावून सांगताना वऱ्हाडीत बोलले तर कोणी हसू नये. आमच्या पूज्य धर्मगुरूंनी महिन्यातून एकदा अंगणात येऊन बसावे. प्रवचनासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. आणि गुरुवारी जे वाचले त्यातून निघालेल्या विनंत्या रविवारी वेदीपुढे म्हटल्या जाव्यात, म्हणजे अंगण आणि वेदी यांची ताटातूट होणार नाही.

हे मागणे आम्ही तोंडी मांडले तेव्हा, पाहू, पुढल्या वर्षी विचार करू, असे उत्तर मिळाले. तोवर आमचे चालूच आहे. येत्या गुरुवारी नेहम्याचा आठवा अध्याय आहे: बंदिवासातून परतलेली मंडळी पाणीवेशीपुढील चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत उभी राहून शास्त्र ऐकते आणि रडते, तो. ज्यांना आमचे म्हणणे पटत नाही त्यांनी ते तेथे येऊन सांगावे. वाचन साडेसातला सुरू होते. सतरंजी आम्ही घालतो, बायबल ज्याने त्याने आपले आणावे.