घड्याळ चालू आहे

रोहिणी खाडिलकर १९७६ साली तेराव्या वर्षी बुद्धिबळातल्या राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती १९ वर्षांची होती. या यशाचं कौतुक आहेच. पण हा अंक आम्ही त्याआधीच्या, कुठेही न छापलेल्या डावांना दिला आहे.

पटाच्या दोन बाजूंना दोन मुलं, शेजारी घड्याळ. सोंगटीला हात लागला की तीच खेळायची, प्रत्येक चाल स्वतः लिहायची. आईबाबा दाराबाहेर. दहा वर्षांच्या मुलाला स्वतःचा निर्णय इतका एकट्याने पेलायची संधी आपण एरवी देतो कुठे?

जुन्नर-आंबेगावच्या मुलांना मानांकन स्पर्धेसाठी बहुधा पुणं गाठावं लागतं. पहाटेची एसटी, दिवसभराचे डाव, रात्री उशिरा घर. खेळातली खरी विषमता आम्हाला या प्रवासात दिसते. म्हणून विजेत्यांच्या मुलाखतींऐवजी इथे हरलेल्या डावांची चिकित्सा आहे.

नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगावच्या पालक-शिक्षकांनो, गावातच स्पर्धा भरवायची तर काय अडतं, ते आम्हाला कळवा. आणि मुलांनो, तुमचा एक डाव चालींसकट पाठवा. हरलेला असेल तर तोच आधी.