मिलिट्री हॉटेलातलं जेवण आणि पाटीवरची जात

हॉटेल ही दिसायला साधी जागा. बसा, जेवा, पैसे द्या, उठा. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद 15 (2) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला, यातच या जागेचा इतिहास आला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथे कुणालाही अडवता येणार नाही, असं घटना सांगते. आपल्या आजोबा-पणजोबांना चहा बाहेर उभं राहून, वेगळ्या कपात मिळायचा. आपण आत खुर्चीवर बसतो. मग प्रश्न मिटला का? मिटला नाही. तो उंबऱ्यावरून ताटात आला.

हे मला नीट उमगलं ते कर्नाटकातल्या टी. नरसीपूरच्या एका जेवणामुळे. म्हैसूरपासून बसने तासाभराच्या अंतरावरचं हे तालुक्याचं गाव. नावातला ‘टी’ म्हणजे तिरुमकूडलू. इथे कावेरी आणि कपिला या नद्या मिळतात. तिसरं, न दिसणारं स्फटिक सरोवर धरून त्याला त्रिवेणी संगम म्हणतात. 1989 पासून इथे दर तीन वर्षांनी कुंभमेळा भरतो. अशा तीर्थाच्या गावी ‘शुद्ध शाकाहारी’ची पाटी दिसणारच. तशी ती दिसली. पण सोबतच्या चामराजनगरच्या मित्राने मला नेलं ते मिलिट्री हॉटेलात.

जुन्या म्हैसूर भागात मांसाहारी खानावळीला मिलिट्री हॉटेल म्हणतात. बंगळुरातली काही जुनी मिलिट्री हॉटेलं मराठा कुटुंबांनी काढलेली आहेत. आम्ही गेलो तिथे लांब बाकं, समोर केळीचं पान, पानावर नाचणीचा वाफाळता उंडा. त्याला रागी मुद्दे म्हणतात. तुकडा मोडायचा, मटणाच्या सारूत बुडवायचा आणि न चावता गिळायचा. मी चावत बसलो तेव्हा शेजारचे काका हसले आणि गिळून दाखवलं. एका बाकावर ट्रकचालक, शेतमजूर, कॉलेजची पोरं आणि कचेरीतला एक कारकून. आडनाव कुणी विचारलं नाही.

लक्षात राहिली ती चव, पण त्याहून जास्त लक्षात राहिला वाढप्याचा आवाज. तो गल्ल्यापासून भटारखान्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडत होता, ‘बोटी! बोटी!’ बोटी म्हणजे आपली वजडी. आपल्याकडे हा शब्द आवाज खाली करून उच्चारतात. वसतिगृहात डबा उघडताना झाकण अर्धवट ठेवणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील.

समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला या भागात जेवताना एम. एन. श्रीनिवास आठवणारच. 1948 मध्ये त्यांनी म्हैसूर परिसरातल्या एका गावात राहून अभ्यास केला. पुस्तकात त्या गावाला त्यांनी रामपुरा म्हटलं. त्यांनीच ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना रुजवली. खालची मानलेली जात मांस आणि दारू सोडते, वरच्या जातीचे रीतिरिवाज उचलते आणि वरच्या स्थानावर हक्क सांगते, असा तिचा थोडक्यात अर्थ. परीक्षेत आपण ती दहा मार्कांसाठी लिहितो. श्रीनिवासांनी ती वर्णन म्हणून मांडली होती. आपल्या कितीतरी घरांत तीच गोष्ट सल्ला होऊन आली. पोरगं शिकलं, नोकरीला लागलं, शहरात फ्लॅट घेतला, की आधी वजडी बंद, मग सुकट बंद, मग ‘आमच्याकडे फक्त रविवारी असतं’. शिडी चढायची तर आईच्या हातची चव खालच्या पायरीवर ठेवून जायची, ही अट कुणी घातली?

अट घालणारे आजही गप्प नाहीत. 2023 मध्ये मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या खानावळीत शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं ठेवण्यावरून वाद झाला आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा निधी काढून घेतला आणि शाळांना लोकवर्गणीचा रस्ता दाखवला. वेगळं टेबल उच्चशिक्षणाच्या दारात, आणि अंडं गायब गरिबाच्या पोराच्या ताटातून. दोन्हीकडे एकाच बाजूचं पोट ‘सामान्य’ धरलं जातं.

मिलिट्री हॉटेल म्हणजे जातिअंत, असा भाबडा निष्कर्ष मात्र काढू नये. तिथे बकरा आणि कोंबडी उघडपणे मिळतात. बीफ पाटीवर नसतं. महाराष्ट्रात तर 2015 च्या कायद्याने बैलाचं मांसही गुन्ह्यात गेलं. शिवाय पाट्या वाचा. बंगळुरात ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ आहे, आपल्याकडे लिंगायत खानावळ आहे, मराठा पद्धतीचं मटण आहे. या जातींची नावं गिऱ्हाईक खेचतात. महार, मांग, चांभार, ढोर यांच्या नावाची खानावळ कुठे दिसते? जेवायला बसण्याचा हक्क घटनेने दिला. आपलं रांधून, आपल्या नावाने विकण्याची पत समाजाने अजून दिलेली नाही.

म्हणूनच कोल्हापूरचे गंगाराम कांबळे आठवायला हवेत. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना भरपाई म्हणून चार नाणी देऊन परत पाठवलं नाही, हॉटेल काढायला लावलं. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. अस्पृश्याच्या हातचा चहा, भर रस्त्यात आणि विकत. शाहूंना कळलं होतं की सहभोजनाचा एक दिवस साजरा करणं सोपं, रोजचा गल्ला चालवणं अवघड.

पहिल्या पिढीच्या पदवीधरांकडे आज एक कामाची गोष्ट आहे, ती म्हणजे लेखणी. शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचं अन्न पुस्तकात आणलं. ते काम एकट्याचं नाही. आईला, आजीला विचारा: चान्या कशा वाळवायच्या, रक्ती कशी शिजवायची, दुष्काळात काय खाल्लं. तारीख, गाव आणि तिचं नाव घालून लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कुणी ‘डब्यात काय आहे?’ असं विचारलं, तर पदार्थाचं नाव पूर्ण आवाजात सांगा.