पराभवानंतर

शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा व पनवेलकडे जाणारे रस्ते मिळतात. तेथे वाहनाची वाट पाहत उभी असलेली माणसे खेळांविषयी हिरिरीने बोलतात. संघ हरला, की त्यांचा निवाडा ठरलेला : “गोलरक्षकाला काढा, सगळा संघच बदला!” मला तो मान्य नाही.

भारताच्या हॉकी संघाचेच पाहा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. गोलरक्षक श्रीजेश आणि मनप्रीतसिंग त्याच संघात होते. त्यांना तेव्हाच कायमचे घरी बसवले असते तर? २०२१ मध्ये टोकियोला जर्मनीविरुद्ध भारत ५–४ असा पुढे होता. अखेरच्या क्षणी जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. श्रीजेशने तो अडवला आणि भारताला ४१ वर्षांनी हॉकीचे ऑलिंपिक पदक लाभले. कर्णधार होता मनप्रीत! त्यांच्या जोडीला नव्या दमाचे खेळाडूही होते.

बदल हवाच, पण तो रागाने नव्हे, चुका ओळखून करावा. गळके कौल बदलावे; त्यासाठी घर पाडू नये. मुलांनो, तुमचा संघ हरला, तर गोलरक्षकाला बोल लावण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा : पुढे दहा जण असताना चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचलाच कसा?