मांडवातले आणि पंगतीतले

सभा, मेळावे, शिबिरे आणि कार्यशाळा यांचे पीक आपल्या खान्देशात कपाशी-केळीइतकेच उदंड येते. दिवाळी उलटली, वांगी भरताला आली, की जळगाव-धुळ्याकडे स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यांना जोर चढतो. कुणी पाणलोटाचे काम करणारे, कुणी बचत गटांचे, कुणी व्यसनमुक्तीचे, कुणी आश्रमशाळेतल्या मुलींसाठी धडपडणारे. अशा मेळाव्यांना मी वर्षानुवर्षे जात आलो आहे. कधी आमंत्रणावरून, कधी (खोटे कशाला बोला) कळण्याच्या पुरीच्या ओढीने. दोन-दोनशे माणसे पदरचे भाडे भरून, दिवसाची मजुरी नाहीतर रजा बुडवून येतात. जाताना ती काय घेऊन जातात, हे पाहण्याचा मला नादच लागला आहे.

दिवस कसा जातो ते वाचकांना ठाऊक आहेच. कार्यक्रमपत्रिकेवर पहिले सत्र दहाचे. प्रमुख पाहुणे येतात साडेअकराला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि ‘वेळेअभावी थोडक्यात’ म्हणून पाऊण तास चालणारे मनोगत. ‘अनुभवकथन’ हे सत्र बिचारे नेहमी शेवटचे. ते कसेबसे साडेचारला सुरू होते, आणि त्याच सुमाराला सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या बायका पिशव्या आवरू लागतात. चोपडा किंवा शिरपूर गाठून पुढे पाड्याकडे जाणारी शेवटची एसटी त्यांना पकडायची असते. ज्यांच्या कामावर हा सारा मांडव उभा, त्या नेमक्या बोलण्याच्या वेळी स्टँडवर उभ्या असतात.

तरीही या बायका रिकाम्या हाताने जात नाहीत. धुळ्याच्या एका मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या, एक यावलकडची, एक साक्रीकडची. ओळख पहिल्या वाढपातच झाली. यावलकडचीची अडचण अशी, की तिच्या बचत गटातल्या निम्म्या बायकांना अक्षरओळख नाही, त्यामुळे हप्ता भरला की नाही यावरून दर महिन्याला तंटा. साक्रीकडची म्हणाली, ‘आम्ही प्रत्येकीला एक खूण दिली आहे. कुणाला पान, कुणाला मासा, कुणाला सूप. वहीत आपली खूण दिसली की बाई आपला हिशेब आपणच पाहते.’ पहिलीने तिथल्या तिथे पेन मागून डाव्या तळहातावर पान, मासा आणि सूप काढून घेतले. सकाळी याच विषयावर एका तज्ज्ञाचे भाषण झाले होते. त्यातले तिच्या हातावर काही नव्हते.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सत्याग्रही एकत्र कोंडले गेले, त्यांत विनोबा होते, जमनालाल बजाज होते, साने गुरुजी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले. ते बोलणे हवेत विरले नाही, कारण गुरुजी खाली बसून उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असे तयार झाले. पुढे १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिलेच. अध्यक्ष पंडित नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. गावोगावहून आलेल्या माणसांनी ठराव किती ऐकले कोण जाणे. पण खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन त्यांनी डोळे भरून पाहिले असणार. आणि १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास शहाद्याला (तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यात होता) श्रमिक संघटनेची महिला शिबिरे होत, तिथे दारू आणि मारझोडीचा विषय बायकांनीच काढला. एकीने तोंड उघडले, मग दुसरीने. त्यातून बायका गुत्त्यांवर चालून गेल्या आणि दारूची मडकी फुटली.

आज मला काळजी वाटते ती उतरवून घेणाऱ्यांची. प्रत्येक कार्यकर्त्याच्या हातात मोबाइल आहे. मेळावा संपायच्या आत त्याचे तीस फोटो गटावर पडतात, खाली ‘छान कार्यक्रम’ आणि जोडलेले हात. काय कळले, कुणाकडून कळले, आपल्या गावी ते कसे लावता येईल, यावर मात्र चार ओळीही नसतात. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने रोज ‘छात्रालय’ नावाचे दैनिक लिहीत. ना छापखाना, ना वर्गणी. आपल्याकडे तर आता टाइप करायला बोट पुरते.

हे लिहिणे हौसेचे राहिलेले नाही. २०२० साली विदेशी देणगीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मोठ्या संस्थेने परदेशातून आलेला निधी पुढे छोट्या संस्थेला देणे बंद झाले. त्या ओंजळीवर जगणाऱ्या तालुक्याच्या संस्थांना दुसरे दार शोधणे भाग पडले. कंपन्यांच्या सामाजिक निधीचे दार आहे, २०१३ च्या कंपनी कायद्याने ते उघडले. पण तिथे उभे राहायचे तर आपले काम कागदावर मांडता आले पाहिजे. वीस वर्षे राबलेल्या आणि अर्ज लिहिताना घाम फुटणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. संस्थापक गेले की त्यांच्याबरोबर कामाची सगळी हकीकतही जाते, कारण ती एकाच डोक्यात असते.

मेळावा कसा असावा हे पाहायचे तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जावे. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखणारे हे आदिवासी गाव. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. पावसाळ्यात तिथे रानभाज्यांचा महोत्सव भरतो. परिसरातल्या बायका भाज्या रांधून आणतात. कुठली भाजी कुठल्या उतारावर मिळते, कशी शिजवायची, हे त्याच सांगतात आणि पाहुणे ऐकतात. इथे पंगत हेच सत्र असते.

आमच्या जळगाव-धुळ्याच्या आयोजकांकडे माझे मागणे फार मोठे नाही. अनुभवकथन सकाळी दहालाच सुरू करा, पाहुणे येवोत न येवोत. जेवणाला दोन तास द्या आणि एका संस्थेची माणसे एकत्र बसू देऊ नका. दोन कॉलेजातली मुले वह्या देऊन बसवा, बाई अहिराणीत बोलली तर अहिराणीतच उतरवून घ्यायला सांगा, आणि आठ दिवसांत त्याच्या प्रती आलेल्या प्रत्येकाला पाठवा. सत्कार साडेचारला ठेवा. तोवर शिरपूरची गाडी सुटलेली असेल, पण पाहुण्यांकडे मोटार असतेच.