दुधी का गळत होता

शाळा सुटल्यावर तुळिंज रोडने चालत गेलात तर दर दहा पावलांवर दुकानाच्या दारात पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लोंबताना दिसतील. आमच्या मुलांचा मधला नाश्ता तोच. डबा आणणारी मुलेही डबा तसाच घरी नेतात. मागे याच सदरात डब्याविषयी लिहिले तेव्हा आम्ही आयांना बरेच सुनावले होते. ते चुकलेच. पहाटे उठून पाणी भरायचे, दोन पाळ्यांतली दोन मुले दोन वेळी तयार करायची, त्यात भाजी निवडायला वेळ कुठून येणार? आणि भाजी केली तरी मुले खात नाहीत. हजरत अनस (र.) यांची रिवायत आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो: एका शिंप्याच्या दावतीत प्रेषित (स.) ताटातले दुधीचे तुकडे शोधून खात होते, आणि तेव्हापासून अनस यांनाही दुधी आवडू लागला. मुले अदबीने ऐकतात आणि घरी जाऊन दुधी ताटाच्या कडेला सारतात.

म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही शाळेच्या मागच्या भिंतीलगत बाग केली. बाग म्हणजे काय, तीन फूट रुंदीची पट्टी, तीही डेब्रिसची. माती नर्सरीतून विकत आणली आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत, तांदळाच्या गोण्यांत भरली. डब्यांना खालून भोके पाडायचे विसरलो, त्यामुळे पहिल्याच पावसात मेथी कुजली. केंद्र सरकारने २०१९ साली शाळांतील पोषण बागेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसलेल्या शहरी शाळांनी मडकी, डबे, गोण्या वापराव्यात, असे त्यात सुचवले आहे. भोकांचे आम्हाला मेथीने शिकवले.

दुधीचा वेल मात्र जोरात चढला. ऑगस्टअखेर पांढरी फुले आली. काही फुलांमागे बोटाएवढे दुधी दिसू लागले. मुले रोज पट्टीने मोजून वहीत लिहीत. चौथ्या दिवशी ते पिवळे पडत आणि गळत. पाच गेले, सहा गेले. मुलांनी उंदरावर संशय घेतला, मग एकमेकांवर. शेवटी पाचवीतल्या एका मुलीने विचारले, “का गळतात?” आम्हाला सांगता येईना. परागीभवनाची आकृती आम्ही किती वर्षे फळ्यावर काढत आलो आहोत, बी.एड.च्या पाठालाही तीच काढली होती!

उत्तर मिळाले भाजी विकायला येणाऱ्या एका मावशींकडून. त्यांची वसईला वाडी आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, “नराचं फूल तोडा नि मादीच्या फुलावर टेकवा. तुमच्या इमारतींत पाखरू कुठं येतंय?” दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, सकाळी कोमेजते. परागकण नेण्याचे काम मुख्यतः रात्री फिरणारे पतंग करतात, आणि आमच्या गल्लीत ते फारसे दिसत नाहीत. मग चार मुले घरून परवानगी आणून मगरिबपर्यंत थांबू लागली. ज्या फुलामागे छोटा दुधी ते मादी, ज्याला नुसता लांब देठ ते नर. अलगद टेकवायचे आणि देठाला दोरा बांधून तारीख लिहायची. सातपैकी तीन दुधी धरले. अर्धा आणि चौथाई यांच्या मधे तीन सप्तमांश कुठे बसतो, हे त्या आठवड्यात कोणालाही समजावावे लागले नाही.

त्याच सुमारास एका मुलाचे वडील आले. रिक्षा चालवतात, मूळचे परभणीकडचे. म्हणाले, “गावात आम्ही हेच केलं. पोरानंही मातीच उकरायची तर इथं दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं कशाला भरतो?” आम्ही काहीतरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हालाच पटले नाही.

मग जुनी पुस्तके काढली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाचा आराखडा करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, पुढे राष्ट्रपती झाले ते. तेव्हा त्यांचे वय चाळीस, म्हणजे जवळपास आमच्याएवढे. सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर फळे-भाजीपाल्याची बागही त्यांनी मूलोद्योगांत धरली. मुस्लिम लीगने योजनेला कडाडून विरोध केला, तो इतिहास वेगळा. पण त्याच अहवालात एक इशारा आहे: शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिक्षण बाजूला राहील, हा धोका उघड आहे. म्हणजे रिक्षावाल्या भाईंची शंका समितीच्या अध्यक्षांनाही होती. आमच्या बागेत कुंड्या उचलायला नेहमी तीच दोन मुले जातात, जी वाचनात मागे आहेत, हे तोवर आमच्या लक्षातच आले नव्हते. आता पाळ्या लावल्या आहेत. मोजमापाची वही त्या दोघांकडे दिली आहे.

आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे कोसबाडला नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तर शाळाच कुरणावर नेली. पाने, बिया, शंख हेच साहित्य. त्यांच्याजवळ डोंगर होता. आमच्याजवळ भिंत आहे.

पहिला दुधी सव्वा किलो भरला. चणाडाळ घालून शाळेतच शिजवला. आधी चकतीचा कण जिभेला लावून पाहिला. दुधी कडू लागला तर टाकूनच द्यावा, तो विषारी असू शकतो, हे घरीही लक्षात ठेवा. छत्तीस मुलांत वाट्याला आली दोन-दोन चमचे भाजी. एवढ्याने कोणाचे रक्त वाढत नाही. पण कडेला कोणी सारली नाही, आणि नंतरच्या आठवड्यात दोन आयांनी सांगितले की बाजारात मुलगा स्वतः दुधी निवडतो, देठाला नख लावून कोवळा आहे का पाहतो. पाकिटे बंद झालेली नाहीत. ती दुकाने तिथेच आहेत.

तिसऱ्या दुधीवरून भांडण झाले: खायचा की बियांसाठी वेलीवर वाळवायचा? मतदान घेतले. एकोणीस विरुद्ध सतरा. तो आता शिक्षकखोलीच्या कपाटावर आहे, हलवला की वाजतो. परभणीच्या भाईंचे मत बदललेले नाही, मात्र त्यांनी मुलाला बागेत पाठवणेही थांबवलेले नाही. या जूनला डब्यांना आधी भोके पाडायची आहेत.